किटची गिटार आणि गोव्याचा पावसाळा: सात महिन्यांच्या नोंदी

११ मे २०२४, शनिवार

खोका आला. टेलिकास्टर घाटाच्या इलेक्ट्रिक गिटारचं किट, भाग आपणच जोडायचे, घरपोच ११,८०० रुपये. आत बासवूडची कोरी बॉडी, मेपलची नेक (मान), सहा खुंट्या, ब्रिज (तारांची घोडी), दोन पिकअप, स्विच आणि पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या कळा) लावलेली प्लेट, स्क्रूंची पुडी आणि चार चित्रांचा एक कागद. नेकवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, ठोकलेले आहेत, पण डोकं फळीसारखं चौकोनी. आकार आपला आपण कापायचा. कागदावर तिसऱ्या चित्राखाली ‘रंग द्या’ एवढंच लिहिलंय.

मी वेर्ण्याला कंपनीत मेंटेनन्सला, राहायला फोंडा तालुक्यात म्हार्दोळच्या बाजूला. त्यामुळे काम होईल ते शनिवार-रविवारीच. आमच्या पट्ट्यात कुणी असलं किट आणलं तर त्याच्या उपयोगी पडेल म्हणून चुकांसकट लिहून ठेवतोय.

बाबा भजनात पेटी वाजवतात. त्यांनी बॉडी उचलली, बोटाने टकटक केली. ‘पोकळी कुठंय? आवाज कुठून येणार?’ पिकअपमध्ये चुंबकाभोवती तांब्याची तार गुंडाळलेली असते, तिच्यासमोर पोलादी तार हलली की वीज निघते, असं सांगितलं. ‘म्हणजे लाईट गेली की हिची समाधी,’ म्हणाले.

१९ मे

रंगाच्या आधी सगळं एकदा कोरडं जोडून बघायचं ठरवलं. शेजारच्या मेस्तांना, म्हणजे सुतारांना, बोलावलं. मी ड्रिल घेऊन ब्रिजच्या खुणांवर बसलोच होतो, तर म्हणाले, ‘आदीं माप घे, मागीर बुराक मार.’ आधी माप, मग भोक.

बरं झालं. नटपासून (डोक्याजवळची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत ३२४ मिमी भरलं. तारेची लांबी त्याच्या दुप्पट असते, म्हणजे ६४८, साडेपंचवीस इंच. बॉडीवर कारखान्यातून टोचून आलेल्या खुणा मात्र ६५५ च्या हिशेबाने. तिथं ब्रिज बसवला असता, तर सॅडल (ब्रिजवरचे तारा टेकायचे सरकते तुकडे) पुढे ढकलून ढकलून संपले असते आणि बाराव्या फ्रेटचा सूर तरीही उतरलेलाच लागला असता. या ब्रिजच्या तारा मागच्या कडेतून ओवायच्या आहेत, बॉडीतून नाहीत, म्हणून तो ७ मिमी पुढे घेता आला. बारीक तारेचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे असताना ६४८ भरेल असा ठेवला. जाड तारांना थोडी जास्त लांबी लागते, त्यांची सॅडल मागे जातात. मागे जायला जागा हवी.

नेक सरळ बसते का हे बघायला मेस्तांनी नटच्या दोन टोकांच्या खाचांतून दोरे ताणून ब्रिजपर्यंत आणले. एक दोरा फ्रेटबोर्डच्या कडेपासून ४ मिमी आत, दुसरा कडेवरच. नेक खोबणीत जेमतेम अर्धा मिमी फिरवली तर दोन्ही सारखे झाले. अर्धा मिमी! तिथंच क्लॅम्प करून पेन्सिलने खुणा केल्या.

२५ मे

आजचा दिवस एका स्क्रूने खाल्ला.

नेक चार स्क्रूंनी बसते. बॉडीला भोकं होती, नेकला नव्हती. मी २.५ मिमीचं ड्रिल मारलं आणि स्क्रू पिळायला लागलो. मेपल भलतं कडक निघालं. तिसऱ्या स्क्रूचं डोकं ‘टक्’ करून तुटलं आणि दांडी नेकमध्ये राहिली. मेस्तांनी स्कूटरच्या गॅरेजमधून ६ मिमीची स्प्रिंग पिन मागवली. पोकळ असते ती. तिच्या तोंडाला कानशीने दाते पाडले, ड्रिलला लावली आणि उलटी फिरवत तुटक्या दांडीभोवतीचं लाकूड कोरून दांडी बाहेर काढली. त्या भोकात शिसवाची खुंटी फेविकॉल लावून ठोकली. पाच तास गेले, त्यातले दोन मी नुसता बघत बसलो होतो.

किटमधले स्क्रू मऊ असतात हे गृहीत धरा. भोक ३ मिमीचं करा आणि स्क्रूवर मेणबत्ती घासा. साबण नको, तो ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. खुंट्यांच्या बारक्या स्क्रूंना १.५ मिमीचं ड्रिल आणि मेणच. पुढचा एकही तुटला नाही.

नेक गोंदाऐवजी स्क्रूने बसवायची ही तऱ्हा लिओ फेंडरने चालवली. माणूस रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतः गिटार वाजवत नव्हता. नेक बिघडली तर सोडवून दुसरी लावा, हा त्याचा हिशेब. १९५० मध्ये त्याने अशा गिटारी बाजारात आणल्या. आज तो समोर असता तर त्या तिसऱ्या स्क्रूवरून चार शब्द बोललो असतो.

८ जून

पाऊस लागला. मेस्तांच्या पट्टा करवतीवर डोकं कापलं, विळीच्या पात्यासारखी एक बाजू बाकदार. बॉडीला १८०, २४०, मग ३२० चा पॉलिश पेपर. बासवूडची छिद्रं बारीक असतात, त्यामुळे लांबी (पुट्टी) भरावी लागली नाही. पण लाकूड मऊ. पानं-पेचकस ठेवलेल्या टेबलावर बॉडी ठेवली आणि एक खळगा पडला. ओलं फडकं ठेवून वर इस्त्री टेकवली, वाफेने खळगा वर आला. ही युक्ती रंगाच्या आधीच चालते.

मग सँडिंग सीलरचे, म्हणजे रंगाआधी लाकूड बंद करायच्या थराचे, तीन हात. सुकायला वेळ लागला, पण सुकले. त्यामुळे मला वाटलं की पावसातसुद्धा जमतं.

२९ जून

नाही जमत.

लॅकरचे तीन स्प्रे कॅन आणले होते, १,०५० रुपयांचे. पडवीत, छपराखाली, बाहेर संततधार. रंग मारला, सुंदर बसला. दहा मिनिटांत वर दुधासारखी साय आली. आधी वाटलं कॅन खराब आहे. तसं काही नव्हतं. लॅकरमधला थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि हवेतलं बाष्प त्या गारठ्यावर बसून रंगात अडकतं. गार पाण्याच्या बाटलीला बाहेरून घाम येतो, तीच गत.

वर रिटार्डर थिनरचा हलका हात मारला की साय विरघळते असं म्हणतात. मारला, विरघळली. रात्रभरात पुन्हा आली. सगळं थिनरने पुसून सीलरपर्यंत मागे आणलं. आर्द्रता मोजायचं ४५० रुपयांचं यंत्र मागवलं. पडवीत ९१ टक्के. हे यंत्र आधी आणायचं होतं.

१४ जुलै

नेक कपाटात ठेवली होती, कोरी, सीलर न मारता. आज काढली तर मागच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके. चामड्याच्या पट्ट्यावर आणि लग्नाच्या बुटांवर दरवर्षी येते तीच बुरशी. परदेशी लोकांच्या व्हिडिओत नेक सुकून आकसते आणि फ्रेटची टोकं कडेने बोचायला लागतात याची रड असते. इथे लाकडाला सुकायची सोयच नाही.

३२० ने घासलं. दोन ठिपके खोल गेलेत, ते राहिले. लगेच सीलर पुसून लावला, नेक कागदात गुंडाळून तांदळाच्या डब्याशेजारी उबेला ठेवली. आईने ती तिथून दोनदा उचलली, मी दोनदा परत ठेवली.

२८ जुलै

आता शहाणपणाची दुसरी पायरी: लॅकर सोडून पीयू (पॉलियुरेथेन). दोन डब्यांचा रंग असतो, हार्डनर घातला की रासायनिक क्रियेने कडक होतो. म्हणजे हवेवर अवलंबून राहायला नको, असं मी मनाशी ठरवून टाकलं. प्रायमर, हार्डनर, थिनर मिळून १,४५० रुपये.

हार्डनरला पाण्याचं वावडं असतं. बाष्प मिळालं की तो त्याच्याशीच क्रिया करतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. प्रायमर सुकला तेव्हा बॉडीभर टाचणीच्या टोकाएवढे फोड. शिवाय झाकण नीट न लावलेला हार्डनरचा डबा आठवड्याने उघडला तर आत जेली. सगळं फेकलं.

या हार्डनरची वाफ फुप्फुसाला वाईट. कापडी मास्कने ती अडत नाही. काडतुसं लावायचा मास्क आणा, १,६०० ला मिळाला. ह्या वहीतला एवढा एकच खर्च मी कुणालाही टाळू देणार नाही.

११ ऑगस्ट

दोन रविवार १२० च्या कागदाने फोड घासतोय. खांदा गेला.

वाडीवरच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तीच्या कारखान्यात, गेलो. तिथं कंप्रेसर आहे, गन आहे, आणि भर पावसात शंभरभर मूर्ती रंगतात, मग माझीच गिटार का नाही, असा प्रश्न घेऊन. मूर्तिकारांनी बॉडी हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘पावसांत पीयू मारतलो? पिसो काय कितें तूं?’ वेडा आहेस का, असं. मूर्तीचे त्यांचे रंग पाण्याचे, मातीवर जिरतात, आणि तरीही रात्रभर मोठे बल्ब लावून पंखे चालवतात तेव्हा कुठे सुकतं. त्यांनी मला तारीखच दिली. चवथ (गणेश चतुर्थी) झाली, दसरा झाला, मग ये, शेड मोकळी, गन फुकट.

माझे दोन महिने आणि २,५०० रुपये पाण्यात गेल्यावर मिळालेला हा सल्ला. मे महिन्यात तिकडे चालत गेलो असतो तर सात मिनिटं लागली असती.

२२ सप्टेंबर

चवथ ७ तारखेला झाली. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला छताच्या हुकांपर्यंत पोचायचं होतं, त्या गडबडीत बॉडी आईने माळ्यावर टाकली. तिथली हवा घरातली सगळ्यात कोरडी निघाली, यंत्रावर ७८. आपण मूर्ख.

रंग थांबलाय म्हणून वायरिंग घेतलं. कंट्रोल प्लेट आणि पिकअप एका पुठ्ठ्यावर बसवून जोडले. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने पॉटच्या पाठीवर वायर चिकटेना. पॉटचा पत्रा उष्णता पिऊन टाकतो, वर सोल्डरचा नुसता गोळा बसतो आणि ओढला की सुटतो. ६० वॅटचं आणलं, पॉटची पाठ कागदाने खरवडली, तीन सेकंदांत काम झालं.

मग अँपला (अँप्लिफायरला) लावून पिकअपवर पेचकस टेकवून पाहिला. दोन्ही चालू. एक जुनी तार ताणून वाजवली तर एकेकटे ठीक, पण स्विच मध्ये ठेवून दोन्ही एकत्र केले की आवाज सर्दी झाल्यासारखा, पातळ. दोघांचे फेज उलटे, एकाच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या. मी नेकजवळच्या पिकअपच्या केल्या. तो आहे धातूच्या टोपीचा, आणि टोपी काळ्या वायरला जोडलेली. आता टोपीच सिग्नलवर आली. बोट लागलं की घुंईं. परत पहिल्यासारखं केलं आणि ब्रिजच्या पिकअपच्या वायरी बदलल्या, त्याला टोपी नाही. एका संध्याकाळचं काम दोन संध्याकाळी चाललं.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. शाळेतल्या कंप्रेसरला झेंडूची माळ होती, आज ती बाजूला सरकवून प्रायमर मारला. दुपारी बारा, आर्द्रता ६४. संध्याकाळी गडगडाट होतो म्हणून अकरा ते दोन एवढीच वेळ धरायची. नेकच्या खोबणीत मास्किंग टेप लावली. तिथे रंगाचा थर चढला तर नेक घट्ट होते आणि ठोकून बसवताना कडेचा रंग तडकतो.

एकही फोड नाही. तोच प्रायमर, तेच प्रमाण, तोच मी.

२० ऑक्टोबर

रंग कुठला, तर बाबांच्या जुन्या स्कूटरचा पिस्ता. स्कूटर केव्हाच भंगारात गेली, एक साइड पॅनेल विहिरीवर झाकण म्हणून उरलंय. ते घासून फोंड्याला ऑटो पेंटच्या दुकानात नेलं. कोड नव्हताच, पोऱ्याने डोळ्याने मॅच केला, चार वेळा उन्हात नेऊन बघितला. हा काही माझा विक्षिप्तपणा नाही. फेंडरच्या पन्नास-साठच्या दशकातल्या रंगीत गिटारींवर ड्यूपाँटचे गाड्यांचेच रंग असायचे.

पहिल्या हातात तीन ठिकाणी रंग फाकून चंद्रासारखे खळगे पडले. मूर्तिकारांनी विचारलं, पुसलंस कशाने? बाबांच्या जुन्या बनियनने. आमच्या घरात नारळाचं तेल लागलेलं नाही असं कापडच नाही. सुकू दिलं, घासलं, नव्या कापडाने थिनर लावून पुसलं, पुन्हा मारलं. यावेळी ठीक. पण हात जरा जड पडला आणि बॉडीच्या शिंगाच्या आतल्या वळणावर ओघळ आला. ओल्यात बोट लावायचं नाही. मी लावलं.

२७ ऑक्टोबर

ओघळ आणि बोटाचा ठसा ६०० ने सपाट करून रंगाचा आणखी एक हात, मग क्लिअरचे (वरच्या पारदर्शक थराचे) चार. बॉडी तारेला टांगून ठेवली. शेडच्या दुसऱ्या टोकाला पोरं दिवाळीला जाळायच्या नरकासुराचा सांगाडा बांधतायत. त्यांना पिस्ता उरलेला हवा होता, डोळ्यांसाठी. दिला. ३१ च्या पहाटे बाबांच्या स्कूटरच्या रंगाचे डोळे जळतील.

१६ नोव्हेंबर

तीन आठवडे बॉडीला हात लावला नव्हता, थर आतपर्यंत कडक होऊ दिला. आज वॉटर पेपर: १०००, १५००, २०००, बादलीत साबणाचे चार थेंब. सपाट भाग मस्त झाला. मागच्या कडेवर दोन घासे जास्त पडले आणि पिस्त्याखालून पांढरा प्रायमर डोकावला. कडेवर रंग पातळच बसतो, तिथे कागद लाकडी ठोकळ्याला न लावता नुसत्या बोटाने, आणि जवळजवळ नाहीच, फिरवायचा. स्कूटरलासुद्धा कडेला असाच पोपडा होता म्हणून तसाच ठेवला. खरं कारण पुन्हा गन धरायचा कंटाळा.

२३–२४ नोव्हेंबर

जोडणी. आधीची भोकं, आधीचं मेण, नेक एका हातात बसली. ९–४२ जाडीच्या तारा.

मग खरखर. अँपला लावताच घुमणारा आवाज, ब्रिजला हात लावला तरी फरक नाही. हात लावल्यावर कमी व्हायला हवा. मल्टिमीटर ब्रिज आणि जॅकच्या बाहेरच्या कडेवर ठेवला: जोडच नाही. ब्रिजखाली दाबायची अर्थिंगची वायर मी तीनच मिमी सोलली होती, ती भोकात मागे सरकलेली. दोन सेंटीमीटर सोलून पंख्यासारखी पसरली आणि वर ब्रिज आवळला. तरी थोडी घुमघुम राहिली, ती अँपला लावलेल्या दोन पिनांच्या अडॅप्टरची; त्याने घरचं अर्थिंगच तोडलं होतं. दिवसभर कंपनीत इतरांना अर्थिंग शिकवतो मी.

नेकचा बाक: पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्यावर फट मोजली, ०.६ मिमी. ट्रस रॉड (नेकच्या आतली बाक सारखा करायची सळई) पाव फेरा, थांबा, सूर लावा, पुन्हा मोजा. तिसऱ्या पाव फेऱ्याला ०.२५ वर आली.

नटच्या खाचा उंच होत्या, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर प्रत्येक सूर चढा. बारीक कानशींचा संच आणला, ३८० रुपये. ‘जी’ची खाच घासता घासता रुंद आणि सपाट झाली, आणि मोकळी तार झिणझिणायला लागली, सतारीसारखी. मी वैतागून शिव्या घालतोय, बाबा दारात उभे. ‘तंबोऱ्यावर हाच आवाज काढायला घोडी घासतात, सूत सरकवतात. जवारी म्हणतात त्याला. तुला फुकट मिळाली तर रडतोस.’ पटलं, पण एकाच तारेला जवारी कशी चालेल? खाचेत खाण्याचा सोडा भरला, वर सुपरग्लूचा थेंब टाकला, क्षणात दगड झाला, मग डोक्याकडे उतार ठेवून पुन्हा घासली. झिणझिण गेली. बाबा म्हणाले, ‘मारलीस.’

८ डिसेंबर

हिशेब. किट ११,८००. वाया गेलेले कॅन १,०५० आणि वाया गेलेला पीयू १,४५०. दुसऱ्या खेपेचा सगळा रंग, क्लिअर, हार्डनर, थिनर ३,९००. मास्क १,६००, कागद ७००, आर्द्रतेचं यंत्र ४५०, सोल्डरिंग आयर्न ५५०, कानशी ३८०, तारा ६५०. एकूण २२,५३०. मेस्तांनी आणि मूर्तिकारांनी पैसे घेतले नाहीत. या पैशांत मडगावात बरी तयार गिटार मिळाली असती, हे बाबांनी एकदा आणि आईने तीनदा सांगून झालंय.

बाबांनी पेटीवर सूर धरला आणि मी उभा राहून सोबत वाजवायला लागलो. तिसऱ्या मिनिटाला पट्ट्याची मागची खुंटी लाकडातून सुटली. बासवूड मऊ, आणि तो स्क्रू मी घाईत जाड ड्रिलने बसवला होता. गिटारला ओरखडा नाही, ती बाबांच्या पायावर पडली. भोकात टूथपिक आणि फेविकॉल भरून ठेवलंय. उद्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही, असं आयोडेक्स चोळता चोळता त्यांनीच बजावलंय.